सात बैठका, तीन मोठी जेवणं: मुंबईत शुक्रवार ते रविवार खाण्याचा बेत

मुंबईत दोन-अडीच दिवस फक्त खायचं ठरलं की सगळे आधी जागांची यादी करायला बसतात, आणि बेत तिथेच फसतो. जागा पन्नास निघतात. पोट एकच असतं आणि ते शनिवारी दुपारी चारच्या सुमारास संप पुकारतं. म्हणून आधी भुकेचा हिशेब मांडा, जागा मागाहून बसवा.

हिशेब असा: शुक्रवार रात्र ते रविवार दुपार या वेळेत सात बैठका होतात. त्यातल्या तीनच मोठ्या ठेवायच्या: शुक्रवारचं रात्रीचं जेवण, शनिवारची दुपार आणि रविवारची दुपार. उरलेल्या चार बैठका चवीपुरत्या. मोठ्या जेवणाआधी किमान साडेचार तास पोटात काही जड जाऊ द्यायचं नाही. दोन मोठी जेवणं एकाच दिवशी घेतली की दुसऱ्या जेवणाचे पैसे वाया गेले असंच समजा. जिभेला कळत असतं, पण हात पुढे जात नाही.

माणसं चार असावीत. जुन्या उपाहारगृहांतली टेबलं चौघांचीच असतात. पाचवा आला की दोन टेबलं एकदम रिकामी होण्याची वाट बघावी लागते. सहा जण असाल तर दारातच तीन-तीन अशी नावं द्या. दोघंच असाल तर पुढची प्रमाणं निम्मी न करता पदार्थांची संख्या निम्मी करा, कारण अर्धी प्लेट बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.

गुरुवारी करायची कामं

ज्या जागी जायचं तिथे गुरुवारी फोन करून तीनच गोष्टी विचारा: साप्ताहिक सुट्टी कधी, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, आणि पैसे रोखच द्यावे लागतात का. नकाशावर दिसणारी वेळ बहुतेकदा दार बंद होण्याची असते. शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा तास बंद होते. माटुंग्यातल्या काही जुन्या जागा सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवार त्या उघड्या मिळतात, पण रविवारी रांग दुप्पट असते. वांद्रे पूर्वेची माशांची खानावळ हायवे गोमांतक गुरुवारी बंद असते, त्यामुळे कुणी लांबवून गुरुवारपासूनच सुरुवात करणार असेल तर ते लक्षात ठेवा.

पंचांगही बघा. श्रावणात मालवणी खानावळींत टेबल चटकन मिळतं, पण उठाव कमी असल्याने ताजा माल कमी येतो. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येणारा मासा बऱ्याचदा बर्फातला असतो. मासे हाच तुमचा मुख्य बेत असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. जानेवारीचा तिसरा रविवार टाळा, मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईतले रस्ते दुपारपर्यंत अडलेले असतात. रमजानमध्ये भेंडी बाजारात इफ्तारनंतर उभं राहायला जागा नसते. तो अनुभव वेगळाच, पण तेव्हा शनिवारची रात्रच मोठी धरावी लागेल आणि दुपार आटपती घ्यावी लागेल.

शुक्रवार रात्र: सर्वांत महाग जेवण आधी

बहुतेक लोक भारी रेस्टॉरंट शनिवारी रात्री ठेवतात. चूक. शनिवारी रात्रीपर्यंत तुम्ही नाश्ता, जेवण आणि चहा रिचवलेला असतो, टेबल मिळण्याची मारामार असते आणि स्वयंपाकघरावरचा ताणही त्याच रात्री सर्वांत जास्त असतो. शुक्रवारी दुपारी डब्यातली पोळी-भाजी अर्धी खाल्ली की संध्याकाळी जीभ कोरी आणि भूक खरी असते.

दोन तऱ्हा आहेत. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलमधलं मास्क (सुरू २०१६) म्हणजे टेस्टिंग मेन्यू: निवड त्यांची, एकापाठोपाठ एक छोटे पदार्थ, अडीच-तीन तासांची बैठक. लोअर परळच्या कमला मिल्समधलं बॉम्बे कँटीन (२०१५) म्हणजे मेन्यूकार्डावरून निवडायचं, वाटून खायचं, थोडा गोंगाट. चौघांपैकी एकाला जरी तीन तास बसून राहणं जड जात असेल तर दुसरी तऱ्हा घ्या. टेस्टिंग मेन्यू सगळ्या टेबलाने मिळून घ्यायचा असतो, त्यातून एकाला उठता येत नाही.

टेबल दोन ते तीन आठवडे आधी धरा. काय चालत नाही ते त्याच वेळी सांगा: शेंगदाणे, कोळंबी, अंडं, कांदा-लसूण. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर बिचारे काहीतरी बदलून देतात, पण तो बदल ऐन वेळचा असतो आणि तसाच लागतो. आगाऊ पैसे घेत असतील तर रद्द करण्याची मुदत विचारून ठेवा. टेस्टिंग मेन्यूत सर्वांत मोठा सापळा ब्रेडचा. गरम पाव आणि सोबतचं लोणी पहिल्या वीस मिनिटांत येतं, भूक लागलेली असते, आणि सहाव्या पदार्थाला पोट भरलेलं असतं. एक तुकडा खा आणि टोपली सरकवा. दारूची जोडी (प्रत्येक पदार्थासोबत त्याला साजेसा पेला) घेणार असाल तर चौघांनी घेण्याची गरज नाही. दोघांत एक चालेल का, हे मोकळेपणाने विचारा.

बिल कसं वाचायचं ते इथेच शिकून घ्या, पुढे दोन दिवस उपयोगी पडेल. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर जीएसटी ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे ती रक्कम वेगळी दाखवलेली हवी. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वं कायम ठेवली. फरक किती पडतो बघा: ४,००० रुपयांच्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी धरून ४,२०० होतात, १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि त्यावरही कर धरला तर ४,६२०. काढायला सांगायचं असेल तर बिल आल्या आल्या, कार्ड देण्याआधी, शांतपणे सांगा. मग ज्याने वाढलं त्याच्या हातात रोख ठेवा, ते सरळ त्याला मिळतं.

शनिवार सकाळ: माटुंगा

सकाळी साडेसातला माटुंगा पूर्व. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला फक्त धीम्या गाड्या थांबतात. जलद गाडीत बसलात तर दादरला उतरून एक स्टेशन मागे यावं लागेल. स्टेशनजवळच राम आश्रय (१९३९) आहे, ते पहाटेच उघडतं. किंग्ज सर्कलच्या बाजूला दहा मिनिटं चाललात की कॅफे मद्रास (१९४०). दोन्हीकडे खाऊ नका. शिरा आणि उपमा हवा असेल तर राम आश्रय, डोसे हवे असतील तर कॅफे मद्रास. आठनंतर बाहेर नावं लिहून घेणाऱ्याकडे नाव द्यावं लागतं आणि टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसतात. बसल्या बसल्या ऑर्डर द्यायची, मेन्यूकार्ड वाचायचं काम रांगेतच उरकायचं.

चौघांत इतकंच मागवा: एक रवा डोसा, एक इडली, एक रसम वडा, एक रागी डोसा किंवा उपमा, शेवटी एक अननसाचा शिरा आणि दोन फिल्टर कॉफी. रवा डोशाचं नाव सर्वांत आधी घ्या. त्याचं पीठ ताकासारखं पातळ असतं, ते तव्यावर लांबून शिंपडतात आणि पाणी उडून जाळी कुरकुरीत व्हायला साध्या डोशाच्या दुप्पट वेळ लागतो. शेवटी सांगितलात तर बाकी सगळं संपेपर्यंत तो येत नाही. घाई करायला सांगितलीत तर मधोमध ओला येतो. इडलीला सांबार वेगळं मागा, नाहीतर बुडवून येते आणि चटणीची चव झाकली जाते. आणि हो, सांबाराची वाटी पुन्हा पुन्हा भरून मिळते म्हणून पीत बसू नका. दुपारची भूक डोशाने जात नाही, या तीन वाट्या सांबाराने जाते.

मग फुलांच्या दुकानांवरून, बाजारातून तासभर फिरा. दुपारच्या जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. उसाचा रससुद्धा नाही.

शनिवार दुपार: बॅलार्ड इस्टेट

माटुंग्याहून धीमी लोकल पकडून सीएसएमटी, तिथून पंधरा मिनिटं चालत बॅलार्ड इस्टेट. शनिवारी ही कचेऱ्यांची गल्ली निम्मी झोपलेली असते, त्यामुळे चालायला सुख. पारशी जेवणाची ब्रिटानिया अँड कंपनी १९२३ पासून इथे आहे आणि ती दुपारच्या जेवणाची जागा आहे. संध्याकाळी जाऊन कुलूप बघणारे दर आठवड्याला भेटतात. पावणेबारा ते सव्वाबारा किंवा मग अडीच, या दोन वेळांना रांग त्यातल्या त्यात कमी. रोख रक्कम जवळ असू द्या.

इथल्या बेरी पुलावातली बेरी म्हणजे इराणी झेरेश्क: लालचुटुक, आंबट, मनुक्याहून लहान. पुलाव स्वतः गोडसर आणि तुपट असतो, त्यामुळे ती आंबट बेरी प्रत्येक घासात यायला हवी. ती वरच पेरलेली असते, म्हणून वाढताना चमचा वरून खाली घाला, बाजूने काढू नका. नाहीतर पहिल्याला बेरी आणि चौथ्याला नुसता भात. चौघांना दोन पुलाव (एक मटण, एक चिकन किंवा भाज्यांचा), एक सल्ली बोटी, चार पोळ्या, दोन कॅरमल कस्टर्ड पुरतात. सल्ली म्हणजे बटाट्याची तळलेली बारीक काडी. ती रश्शात पाच मिनिटांत मऊ पडते, म्हणून ताट आल्यावर फोटो एकच. मासा हवा असेल तर पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा) घ्या, पण तेव्हा एक पुलाव कमी करा. रास्पबेरी सोडा एक बाटली दोघांत; तो चवीला मजेशीर आहे, पण साखरेने पोट फुगतं.

जेवून उठल्यावर टॅक्सी करू नका. बॅलार्ड इस्टेटहून फोर्टमधून, सीएसएमटीवरून, आझाद मैदानाच्या कडेने धोबी तलावापर्यंत सावकाश चाललात की पाऊण तास जातो. मेट्रो सिनेमासमोर कयानी अँड कंपनी हा इराणी कॅफे, १९०४ पासूनचा. वाजले असतील साडेचार. इथे चौघांत दोन ब्रून मस्का आणि चार चहा, बस. बन आणि ब्रून यातला फरक माहीत असावा: बन मऊ आणि गोडसर, ब्रून कडक सालीचा पाव. ब्रून चहात दोन सेकंद बुडवायचा. त्याहून जास्त ठेवलात तर मस्का कपात आणि तळाशी लगदा. खिमा पाव फार मोह पाडतो, पण तो आजच्या बेतात बसत नाही. मावा केक बांधून घ्या, तो रविवारी रात्रीपर्यंत चांगला राहतो.

शनिवार रात्र: भेंडी बाजार, पण जपून

रात्र लहान ठेवायची आहे हे इथे विसरायला होतं. साडेनऊच्या आधी जाऊ नका. सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून चालत या. गाडी आणलीत तर जागा शोधण्यातच भूक मरते. नागपाड्याच्या सारवीत सीख कबाब किंवा भेंडी बाजारातल्या नूर मोहम्मदीत नल्ली निहारी (नळीच्या हाडांसकट मंद शिजवलेला मांसाचा रस्सा), दोन्हींपैकी एकच.

निहारी चौघांत एक प्लेट आणि चार रोट्या. आणखी हवी वाटली तर मागवा, पण एकदम दोन सांगू नका. वर तरंगणारी तर्री हीच तिची चव आहे आणि दुसऱ्या सकाळच्या जळजळीचं मूळही तीच. वाटीतली वरची तर्री चमच्याने एका बाजूला घ्या, आल्याचे काप आणि लिंबू भरपूर घाला, आणि नळीतला मगज गरम असतानाच हलवून काढा. गार झाला की चिकटून बसतो. मग मिनारा मशिदीच्या बाजूला मातीच्या कुल्हडीतली फिरनी, दोघांत एक. मालपुवा मागवलात तर चौघांत एकच, आणि तो कढईतून समोर निघालेला असेल तरच. गरम करून दिलेला मालपुवा नुसता तेलकट स्पंज. कोल्ड्रिंकने अन्न पचतं हा गैरसमज आहे. साधं पाणी प्या आणि आडवं व्हायच्या आधी दोन तास जाऊ द्या.

रविवार: दादर, सकाळ आणि दुपार

रविवारचे दोन्ही बेत दादर पश्चिमेत ठेवण्याचं कारण रेल्वे. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. त्या वेळेत लोकलने शहर ओलांडायचा बेत केलात की खानावळीऐवजी फलाटावर दुपार जाते. ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी तपासून घ्या. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने येणार असाल तर दादर स्थानक पश्चिमेलाच आहे.

साडेआठला आस्वाद किंवा प्रकाश. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं. त्या बातमीने रांग वाढली, मिसळ होती तशीच सौम्य आहे. झणझणीत मिसळ हवी असेल तर ही नव्हे. चौघांत एक मिसळ, एक साबुदाणा वडा, एक थालीपीठ, एक पीयूष. साबुदाणा वडा आल्यावर मधोमध तोडा: आतला दाणा वेगळा आणि पारदर्शक दिसला तर नुकताच तळलेला, पांढरा गोळा दिसला तर आधी तळून ठेवलेला. पीयूष म्हणजे श्रीखंडाचंच सैल रूप, वर जायफळ-केशर. एक पेला चौघांत पुरे, अख्खा प्यायलात तर दुपारच्या माशांचा निरोपच घ्या.

मग शिवाजी पार्कात फेऱ्या मारा, कट्ट्यावर बसा. पावणेबाराला खानावळीच्या दारात नाव लिहा. सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य, सगळ्या एकाच पट्ट्यात आहेत. रविवारी मराठी घरांतही मासे असतात आणि घरी नसलेले सगळे इथे येतात. साडेबारानंतर तासभर उभं राहण्याची तयारी ठेवा.

थाळी की सुटे पदार्थ? दोघं असाल तर थाळी. चौघांना सुटे पदार्थ परवडतात आणि चवीही जास्त होतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी एक थाळी दोघांत वाटू देत नाहीत. चौघांचं माप: बोंबील फ्राय एक प्लेट, तिसऱ्या सुक्या एक, सुरमई किंवा पापलेट फ्राय एक, एका माशाचं कालवण, चार वडे किंवा भाकऱ्या, दोन भात, चार सोलकढ्या. दुसरी बोंबलाची प्लेट पहिली संपल्यावरच सांगा. बोंबलाचं मांस पाणीदार असतं. तळण्याआधी वजनाखाली दाबून पाणी काढलं तरी थोडं उरतंच, आणि वाफ धरली की पाच मिनिटांत वरचा रवा ओला होतो. दोन प्लेट एकदम आल्या तर दुसरी पिळपिळीत खावी लागते. वडे कोंबडीच्या रश्शाबरोबर छान, माशाच्या कालवणाला मात्र तांदळाची भाकरी. वडा तेलकट असतो आणि कालवण शोषून घेत नाही.

चिंबोरी किंवा मोठा पापलेट घेणार असाल तर मेन्यूवर भावाऐवजी ‘ए.पी.एस.’ लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे. इथेच बिलं फुटतात. शिजवायच्या आधी वजन आणि रुपये, दोन्ही तोंडी विचारा. चिंबोरी कच्ची दाखवायला सांगितलं तर चांगल्या ठिकाणी कुणाला राग येत नाही. तिच्या वजनातलं निम्म्याहून जास्त कवच असतं, तेव्हा किलोचा आकडा ऐकून हुरळू नका. हातात घेऊन आकाराच्या मानाने हलकी वाटली तर आत पोकळ. अमावास्येच्या आसपासची भरलेली असते असं कोळणी सांगतात. मसाला साधा ठेवा. बटर-गार्लिकच्या जाड सॉसखाली कालचं आणि आजचं मांस सारखंच लागतं.

सोलकढी जेवणाच्या सुरुवातीला एक घोट आणि बाकीची भातावर किंवा शेवटी. पेल्यात वर पाणी आणि खाली दाट थर दिसला तर ती फार वेळ ठेवलेली आहे. ढवळूनही चव एकजीव होत नाही, बदलून मागा. शाकाहारी सोबती असेल तर त्याला इथे डाळ-भातावर बसवू नका. माटुंगा स्टेशनसमोरचं रामा नायक (१९४२) रविवारी दुपारी उघडं असतं, केळीच्या पानावर पंगत; दादरहून एकच स्टेशन. त्याला तिकडे पाठवा आणि तीनला सगळे भेटा.

उरलेलं बांधून नेताना कालवण चालतं, तळलेलं नाही. नारळाचं कालवण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. घर कल्याणकडे असेल आणि मेगाब्लॉक अजून सुटला नसेल तर नेऊच नका. सोलकढी अजिबात बांधून घेऊ नका, गाडीच्या हिंदकळण्याने ती फाटते. रात्री मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार, आणि भूक असलीच तर कयानीच्या पुड्यातला मावा केक, चौघांत एक.